पालखीची चाल, वादक : रखमाजी

१२ ऑक्टोबर १९९६, नगर

आज स्टाफरूममध्ये पुन्हा तेच. चहा घेताना गणिताचे विभागप्रमुख म्हणाले, "काय प्रशांतराव, ढोलकी-ताशे कुठवर आले?" आणि मग, दात कोरत, "तुम्हाला काय अवघड? हे तर तुमच्या रक्तातच असणार." सगळे हसले. मीही हसलो. हसलो याचीच चीड येतेय. पंधरा वर्षं शिकलो, फिजिक्स शिकवतो, आणि या माणसाला माझ्या आडनावापलीकडे काही दिसत नाही.

त्यांना समजावून सांगण्यात अर्थ नाही, म्हणून इथं लिहितो. पुण्याचे राधाकृष्ण सर आणि मी मिळून तालवाद्यांच्या लुपांचा संग्रह करतोय. लूप म्हणजे तालाचं एक आवर्तन. ते असं कापायचं की त्याचं शेवटचं टोक पहिल्या टोकाला बेमालूम चिकटलं पाहिजे. मग संगणकावर ते हवा तेवढा वेळ फिरत राहतं, कुठं सांधा कळत नाही. प्रत्येक तुकड्याला नोंद जोडायची : वाद्य, मात्रा, लय, वादक, गाव, प्रसंग. संगणकाला ताल ओळखायला शिकवायचं तर असे नोंद केलेले तुकडे ढिगानं लागतात, आणि आपल्याकडच्या वाद्यांचे तर कुणाकडेच नाहीत. सगळं सीडीवर घालून फुकट वाटणार. कुणीही घ्यावं, कुणीही वापरावं, विचारायची गरज नाही. सरांचा हा हट्ट मला मनापासून पटतो. विद्या कुलपात ठेवणाऱ्यांनी आमचं काय केलं ते मला कुणी शिकवायला नको.

संबळ झालं, ढोलकी झाली, दिमडी झाली. हलगी मात्र लंगडी आहे. सर म्हणतात, जुनी पालखीची चाल मिळाली तर संग्रहाला वजन येईल. आता वाजवणारे सगळे लग्नातली धावती चाल वाजवतात. जुनी चाल ज्याच्या हातात होती असा एकच माणूस मला माहीत आहे, आणि तो माझा चुलता आहे, रखमाजी नाना.

२७ ऑक्टोबर

तिसगावच्या एसटीनं गावी जाऊन आलो. नानांनी सरळ नाही म्हटलं.

आधी बरं चाललं होतं. मला बघून चहा टाकला, "वाळलास रं लई" म्हणाले. आमचे तीर्थरूप लवकर गेले, तेव्हापासून मला नानांनीच वाढवलं. मी कॉलेजात लागलो त्या दिवशी त्यांनी अख्ख्या वस्तीला गूळ वाटला होता. मी सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी ऐकूनही घेतलं. मग म्हणाले, "ती वाजवायची सोडली, पर्शा."

"नाना, चाळीस वर्षं झाली. आता कोण तुम्हाला पालखीपुढं उभं करणार आहे? हे संशोधन आहे."

"कशापायी का असंना. सोडली म्हंजी सोडली."

छप्पन साली दीक्षा घेऊन आले तेव्हा नाना बावीस-तेवीसचे होते. भैरोबाच्या पालखीपुढं हलगी वाजवायची येसकरकी, म्हणजे गावकीचं पिढीजात काम, आमच्या घराकडे होती. वाजवायचं देवळाच्या पायरीखाली उभं राहून, आणि जत्रा झाली की गाव शिधा धाडायचं. पीठ, गूळ आणि बोकडाचं काळीज-फेफडं. नानांनी आल्या आल्या आपली हलगी आडात टाकली आणि घरोघर जाऊन बाकीच्यांच्याही टाकायला लावल्या. त्या वर्षी पालखी मुकी निघाली. गावानं आमचं पाणी बंद केलं, मजुरी बंद केली, पण वस्तीतला एक माणूस हलला नाही.

हलला तो पुढं, बहात्तरच्या दुष्काळात. कारभारी, आमच्या भावकीतला. गावात एका बड्याच्या मुलाच्या वरातीत पायलीभर ज्वारीवर हलगी वाजवून आला. नानांनी वस्तीची बैठक बसवली आणि त्याच्याशी उठणं-बसणं बंद केलं. लेकीच्या लग्नाला कुणी गेलं नाही. तो गाव सोडून कारखान्यावर ऊस तोडायला गेला आणि तिकडेच वारला. त्याची बायको, कलाकाकी, वस्तीत परत येऊन राहिलीय. नानांच्या दारावरून जाते, पण मान वळवत नाही.

हे सगळं मला ठाऊक आहे. पण तो राग पाटलांवर होता, पालखीवर होता. ताल कुणाच्या बापाचा आहे का? ताल आमचा आहे. आम्हीच तो आडात टाकला आणि आता लग्नातले पोरटे काहीही बडवतात. नानांना एवढं कळू नये?

३ नोव्हेंबर

सीमाशी वाद. ती म्हणाली, "नको म्हणाले ना? मग विषय संपला की."

मी म्हटलं, त्यांना कळत नाही म्हणून नको म्हणतात.

"त्यांनाच तर कळतं. तुम्ही कधी पायरीखाली उभे राहिलात?"

बायकोशी वाद झाला की मी जसा बाहेर पडतो तसा पडलो. माळीवाड्यातून फिरत फिरत बाजारात गेलो आणि एक हलगी घेतली. चांगलीच घेतली. का घेतली ते अजून नक्की नाही.

१४ नोव्हेंबर, गावी

काम झालं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं आलोय. सकाळी सीमा आडावर गेली होती. नाना चुलीपाशी शेकत बसलेले. मी पिशवीतून हलगी काढली आणि म्हटलं, "नाना, वाजवू नका. नुसती बघा. बाजारात घेतली, पण आवाज अगदी भदभद येतोय. फसवलं वाटतं मला."

हे म्हणताना मला माहीत होतं की थंडीनं कातडं ढिलं पडतं आणि शेकल्याशिवाय कुठलीच हलगी बोलत नाही. नानांचं तोंड बघण्यासारखं झालं. आपल्या पोराला नगरच्या व्यापाऱ्यानं फसवलं, हे त्यांना सोसेना. "आण बघू," म्हणाले. कड्यावर नख मारलं, कातडं अंगठ्यानं दाबून पाहिलं. "तुला येवढं बी कळंना व्हय? शेकली न्हाईस." मग जाळासमोर धरली, फिरवत राहिले, मधे मधे कानाशी नेऊन टिचकी मारत. चुलीशेजारच्या काटक्यांतून दोन उचलल्या, एक लांब एक आखूड. एक ठोका. दुसरा. कान तिरका करून ऐकलं. मग हात सुरू झाला.

मी पालखीची चाल कधीच ऐकली नव्हती. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. लय संथ, पण ठोका पडला की जमीन खाली दबल्यागत वाटत होतं. मधेच एक ठोका ते गाळायचे, आणि न वाजलेला तो ठोका जास्त ऐकू यायचा. नानांचे डोळे मिटलेले होते. पाच-सहा आवर्तनं झाली असतील. एकाएकी हात थांबला.

"बास," म्हणाले. "चांगली हाय. फसवलं न्हाई तुला कुनी."

हलगी माझ्या हातात दिली आणि बाहेर जाऊन बराच वेळ हात धूत बसले. सरांनी दिलेला डिजिटल टेपरेकॉर्डर पिशवीत चालू होता. माइक पिशवीच्या तोंडाशी, टॉवेलखाली. आवाज अप्रतिम आलाय.

मी त्यांना वाजवा म्हटलं नव्हतं. हे लिहून ठेवतो.

८ डिसेंबर

लॅबमधला एकुलता एक संगणक रविवारी मोकळा असतो, म्हणून आज दिवसभर बसलो. नानांचं चौथं आवर्तन सगळ्यांत स्वच्छ आहे. सुरुवातीच्या टिचक्या, चुलीतल्या जळणाचा तडतडाट, शेवटचं "बास", हे सगळं कापून टाकलं. टोकं जुळवायला वेळ गेला, कारण नाना दर आवर्तनाला लय केसभर पुढं नेतात, यंत्रासारखं मापात राहत नाहीत. ते थोडं ताणून सारखं केलं. मग चालू केलं आणि खुर्चीत रेलून ऐकत राहिलो. फिरतंय, फिरतंय. कुठंही सांधा नाही.

नोंद भरली. वाद्य : हलगी. चाल : पालखीची. वादक : रखमाजी, आणि पुढं बापाचं नाव, आडनाव, गाव, तालुका, सगळं. प्रसंग : भैरोबाची पालखी, येसकरकीची सेवा. इतर नोंदींत आम्ही नुसतं 'स्थानिक वादक' लिहिलंय, पण नानांचं नाव मी अट्टाहासानं पूर्ण लिहिलं. आमच्या लोकांनी जन्मभर वाजवलं आणि कुठल्या कागदावर कुणाचं नाव आलं नाही. ते मी आणलं.

सीमाला ऐकवलं. तिनं एवढंच विचारलं, "त्यांना सांगितलंत?"

सांगेन म्हटलं, सीडी हातात आली की सांगेन. नुसतं तोंडी सांगून त्यांना काय समजणार?

२ मार्च १९९७

सीडी आली. पुण्याला सरांनी एका कारखानदाराच्या मदतीनं प्रती काढल्या आणि देशातल्या, परदेशातल्या विद्यापीठांना पाठवल्याही. कव्हरवर सरांचं नाव ठळक. खाली बारीक अक्षरात 'साहाय्य' म्हणून मी. साहाय्य! गावोगाव एसटीच्या धुरळ्यात मी फिरलो, जेजुरीपासून अकोल्यापर्यंत डास मी खाल्ले, टोकं मी जुळवली. सर एकदा नगरला आले, ते पण शिर्डीला जाता जाता. फोनवर म्हणतात, "अहो, तुमची ती पालखीची चाल म्हणजे संग्रहाचा मुकुटमणी आहे." मुकुट मात्र त्यांच्या डोक्यावर. आमच्या वाट्याला कायम पायरीखालचीच जागा.

संध्याकाळी मेहताब आला. ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवतो, इथल्या कोठला भागात घरीच छोटं रेकॉर्डिंग करतो. भला माणूस. दिमडीवाले, संबळवाले यांना गाठून देण्यात त्याचीच मदत झाली होती. नानांचा लूप ऐकून खुळा झाला. "भाई, क्या हाथ है! मी वापरू का हे?" म्हणाला.

मी म्हटलं, "घे की. विचारतोस काय, सगळ्यांसाठीच आहे."

"पण नाव टाकीन हां बुवाचं. फुकटचं खायचं नाही आपल्याला."

बघा. कॉलेजातल्या विद्वानांपेक्षा याला जास्त चाड आहे.

नानांना अजून सांगितलं नाही. परीक्षा आल्यात.

२३ एप्रिल, गावी

नीट लिहिता येईल असं वाटत नाही, पण लिहितो.

काल चैत्री पौर्णिमा, भैरोबाची जत्रा. आम्ही जत्रेला कधी जात नाही, मी फक्त नानांना भेटायला आणि सीडी दाखवायला आलो होतो. दुपारी देवळावरचा कर्णा सुरू झाला. जत्रा कमिटीनं या वर्षी देवाच्या गाण्यांची कॅसेट काढलीय, तीच लावली होती. गाण्याच्या आधी नुसती हलगी. दुसऱ्या ठोक्याला मी ओळखलं. कॅसेट मेहताबनं केलेली. त्यानं मला सांगितलं नाही; का सांगावं? मीच म्हटलं होतं विचारू नको म्हणून.

नाना बाजेवर बसून शेंगा फोडत होते. त्यांचा हात थांबला. मान वर केली नाही. गाणं संपलं, आणि कर्ण्यावर कमिटीचे अध्यक्ष आबासाहेब बोलायला लागले. "मंडळी, ही हलगी कुनाची वळखली का? आपल्याच गावचे रखमाजी! कॅशेटीवर नाव हाय. चाळीस वर्सांनी देवाला त्यांची आठवन झाली म्हना, न्हाईतर त्यांला देवाची." लोक हसले, टाळ्या वाजवल्या. आबासाहेबांच्या आवाजात टिंगल नव्हती. मनापासून खूश होते ते. तेच तर सगळ्यांत वाईट.

मग कॅसेट पुन्हा लावली. मग पुन्हा. पालखी निघाली तेव्हा गाणी बंद करून नुसती हलगीच ठेवली, फिरत. मेहताबनं दुसऱ्या बाजूला तीच भरलीय, सलग. पालखी अख्खं गाव फिरून येईपर्यंत ती वाजत होती आणि आमच्या वस्तीवर प्रत्येक ठोका येत होता.

नानांनी फक्त एक विचारलं. "त्या दिशी पिशवीत काय हुतं?"

"टेप," मी म्हटलं.

"हां," म्हणाले. उरलेल्या शेंगा टोपलीत भरल्या आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. मी बाहेरूनच बरंच बोललो. संग्रहाचं, नोंदीचं, परदेशातल्या विद्यापीठांचं. त्यांनी कूस बदलली नाही. एवढं शिकवलं तो मुलगा काही बोलतोय तर माणसानं हुं तरी म्हणावं.

२४ एप्रिल, गावी

आज सकाळी कमिटीची दोन माणसं वस्तीत आली. हातात पितळी ताट, वर फडकं. नानांच्या उंबऱ्यावर ठेवून म्हणाली, "देवाचा मान हाय." आणि गेली. फडकं मी उचललं. पीठ, गूळ, काळीज-फेफडं.

वाजंत्र्याचा शिधा. अख्खी वस्ती दारात उभी राहून बघत होती.

नाना ताटाकडे बघत राहिले. एवढ्यात कलाकाकी आली. बहात्तर सालानंतर या दारात तिनं पहिल्यांदा पाऊल ठेवलं असेल. मला वाटलं आता ही शिव्या देणार, छाती बडवून घेणार. तसं काही नाही. अगदी साध्या आवाजात बोलली.

"नाना, त्यांनी पोटासाटी वाजवली हुती. लेकरं उपाशी हुती म्हनून. तुमी त्यांला घालवलं. मी तवाबी म्हन्ले, नाना म्हनत्यात ते खरंच हाय. रडले, पर खरं हाय म्हन्ले." ताटाकडे बोट केलं. "तुमी कशासाटी वाजवली?"

दुपारी विहारात सगळे बसले. बसवले नानांनीच. मीही गेलो. लिहिताना खोटं बोलणार नाही, मी सांगायचं ठरवलं होतं. वाक्यंही जुळवली होती. उठलोसुद्धा. "मला थोडं बोलायचंय," म्हटलं.

नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू बस खाली. तुला ह्यातलं काय ठावं न्हाई."

मग लोकांकडे वळून म्हणाले, "व्हय. माझाच हात हाय त्यो. मी वाजवली. कुनी जबरी न्हाई केली." कुणीतरी म्हणालं, नाना, कुणी फसवलं-बिसवलं असंल तर सांगा. "मला कोन फसवनार? कारभारीला जे लावलं ते मला लावा. कमी नको, जास्ती नको." कलाकाकीनं पुन्हा विचारलं, कशासाठी. त्याला मात्र त्यांनी उत्तर दिलं नाही.

वस्तीतली तरणी पोरं रडवेली झाली होती. शेवटी ठरलं : वर्षभर नानांशी उठणं-बसणं नाही, विहारात त्यांनी आत यायचं नाही, वंदना दुसऱ्या कुणी घ्यायची. नानांनी मान डोलावली. शिध्याचं ताट त्यांनी स्वतः उचललं आणि कमिटीच्या दारात परत ठेवून आले. जाताना-येताना रस्त्यानं कुणी त्यांच्याशी बोललं नाही.

त्यांनी स्वतःच कबूल केल्यावर मी मधे काय बोलणार? मोठ्यांचा शब्द खाली पाडायचा का? वस्तीतला पहिला प्राध्यापक मी. पोरं माझ्याकडे बघून शिकतात, हे नानाच नेहमी सांगतात. आणि खरं सांगायचं तर वाजवली त्यांनीच. काटक्या मी नव्हत्या दिल्या.

२६ एप्रिल, नगर

मेहताबकडे जाऊन त्याला वाटेल ते बोललो. बिचारा भांबावला. "सर, तुम्हीच म्हणाला की घे. नाव पण घातलं मी, बरोबर घातलं. चुकलं काय?" मी विषय तोडला. "कॅसेट परत घे सगळ्या," म्हटलं. "कुठनं घेऊ? पाथर्डीपर्यंत गेल्या. रिक्षावाले वाजवतायत." त्यानं चहा दिला, मी प्यालो नाही.

घरी सीमा बोलत नाही. स्वयंपाक करते, ताट वाढते, पण बोलत नाही. आज एकदाच म्हणाली, "त्यांनी तुम्हाला वाचवलं, एवढं तरी दिसतंय ना?" मी म्हटलं, वाचवायला मी काय दरोडा घातला? तिनं ताट उचललं आणि आत गेली.

१५ मे

सरांचं पत्र. संग्रहाची दुसरी आवृत्ती निघणार, या खेपेला परदेशातलं एक विद्यापीठ भागीदार आहे. त्यांची एक अट आहे. प्रत्येक वादकाची सही हवी, की हे वाजवणं माझं आहे, ते संग्रहात घ्यायला आणि कुणीही वापरायला माझी हरकत नाही. सही नसेल तो तुकडा गाळायचा. आणि हो, या आवृत्तीवर संपादक म्हणून दोन नावं, त्यातलं एक माझं.

म्हणजे गाळता येतो. पहिली सीडी गेली ती गेली, ती काही परत येत नाही. पण पुढच्यांत नसेल. मी नुसतं लिहायचं, 'सही मिळाली नाही.' दोन ओळींचं काम आहे.

बाकी सह्या मी सुट्टीत गोळा करीन. पण पालखीची चाल नसेल तर त्या संग्रहात माझं म्हणून काय उरतं? दिमडी काय, कुणीही आणील. दोन दिवस डोकं भणाणलंय. नानांना विचारायला काय हरकत आहे? नको म्हणाले तर गाळीन. आता तर त्यांनी सगळ्यांसमोर कबूलच केलंय. झालेली गोष्ट थोडीच मिटणार आहे. निदान चांगल्या कामी तरी लागेल.

सीमाला हे सांगितलं नाही.

२२ मे, गावी. बुद्धपौर्णिमा

सकाळीच पोचलो. सीमा आली नाही, डोकं दुखतंय म्हणाली.

नाना दारात बसले होते. पांढरं धोतर, पांढरा सदरा, दाढी केलेली, दरवर्षीसारखे तयार. जायचं मात्र कुठंच नव्हतं. महिनाभरात खूप उतरलेत. मला बघून चहा टाकायला उठले. दूध नव्हतं. वस्तीतलं कुणी देत नाही आणि गावातून आणायला ते जात नाहीत. कोरा चहा प्यालो.

कागद पुढं केला. वाचून दाखवला. ते ऐकत होते की नाही कोण जाणे.

"नाना, मनात नसेल तर राहू द्या," मी म्हटलं. हे मी म्हटलं, नक्की म्हटलं.

त्यांनी विचारलं, "ह्याच्यावर सही केली म्हंजी तुला कुनी काय म्हननार न्हाई ना? नोकरीला काय धक्का न्हाई?"

"नाही."

"मंग आण."

गुडघ्यावर पाट ठेवून सही केली. सावकाश, एकेक अक्षर. शाळेत न गेलेला माणूस, मी तिसरीत असताना माझ्या पाटीवर शिकला होता. कागद परत देताना म्हणाले, "येवढ्यापायी इतक्या लांब आलास? जेवून जा." मला त्या क्षणी वाटलं की पाय धरावेत. पण मग सगळंच सांगावं लागलं असतं, वस्तीसमोर, सरांना, सगळ्यांना. कागद घडी करून खिशात ठेवला.

इतक्यात विहारातून पोरं बोलवायला आली. "सर, चला. वंदना तुमीच घ्यायची. नानांच्या जागी दुसरं कोन हाय?" मी नानांकडे बघितलं. ते म्हणाले, "जा. उशीर करू नगंस, मान्सं खोळंबल्यात."

गेलो. विहार गच्च भरला होता. मला पुढं नेऊन नानांच्या आसनावर बसवलं. मेणबत्त्या लावल्या, उदबत्ती लावली. कलाकाकी बायकांत पहिल्या रांगेत बसली होती, आणि माझ्याकडे बघून तिनं हात जोडले. माझ्याकडे! मी त्रिशरण म्हटलं, माझ्या मागून सगळ्यांनी म्हटलं. मग पंचशील. पहिलं झालं. दुसऱ्या शीलाला, जे मला कुणी दिलेलं नाही ते मी घेणार नाही, असं सांगणाऱ्या त्या ओळीला, मी अडलो. लोकांना वाटलं नानांच्या आठवणीनं भरून आलं. एकीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. प्यालो, खाकरलो आणि म्हटलं. अगदी स्पष्ट म्हटलं.

सगळ्यांनी माझ्या मागून म्हटलं. ते थांबल्यावर दाराबाहेरून, उन्हातून, एकट्या नानांचा आवाज आला. तेही माझ्यामागून तेच म्हणत होते.